लॅरिंजोस्कोपच्या ब्लेडचा आकार केवळ ‘स्त्री’ या शब्दावरून ठरवू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत भूलशास्त्राची ओळख करून देणारा लेख नुकताच वाचला. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी कशी घातली जाते, हे सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडल्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानते. मात्र लेखासोबतच्या चौकटीत ‘लॅरिंजोस्कोपचे ब्लेड स्त्रियांसाठी ३ क्रमांकाचे आणि पुरुषांसाठी ४ क्रमांकाचे वापरतात’ असे एक वाक्य आले आहे. ते सरसकट चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण शिकायला आलेल्या नव्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात आम्हीही जवळपास हेच सांगतो. पण ते वाक्य अपुरे आहे, आणि ज्या क्षणी ते अपुरे पडते त्या क्षणी समोरच्या रुग्णाचा श्वास आम्हीच औषध देऊन थांबवलेला असतो. गेली अनेक वर्षे मी भूलतज्ज्ञ म्हणून हेच काम करीत आहे, म्हणून या एका वाक्याविषयी जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

लॅरिंजोस्कोप हे नळी घालताना स्वरयंत्र नजरेस पडावे म्हणून वापरायचे, दिसायला साधे उपकरण आहे. हातात धरायचे हँडल, त्यात बॅटरीचे सेल, आणि त्याला काटकोनात अडकवलेले, टोकाशी दिवा असलेले धातूचे वक्र ब्लेड, एवढेच. ते डाव्या हातात धरून तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत न्यायचे, जीभ डावीकडे सारायची आणि ब्लेडचे टोक जिभेचे मूळ व एपिग्लॉटिस यांच्यामधल्या खाचेत अलगद टेकवायचे. एपिग्लॉटिस म्हणजे स्वरयंत्रावरचे पानासारखे झाकण, आणि त्या खाचेला आम्ही व्हॅलेक्युला म्हणतो. खाचेच्या तळाशी एपिग्लॉटिसला पुढच्या हायॉइड हाडाशी बांधणारा एक अस्थिबंध असतो. टोक त्यावर नेमके टेकले आणि हँडल त्याच्याच रेषेत पुढे व वर उचलले, की झाकण आपोआप वर जाते आणि मागे स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या कडा दिसू लागतात. इथे दातांचा टेकू घेऊन मनगट मागे वळवायचे नसते, नाहीतर वरचा दात तुटायचा.

हे वक्र ब्लेड ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तोंड उघडे ठेवणारे उपकरण बसवीत असताना त्यांना स्वरतंतू अनपेक्षितपणे स्वच्छ दिसले, आणि त्यावरून ही कल्पना त्यांना सुचली. त्याआधी प्रचारात असलेल्या सरळ ब्लेडने एपिग्लॉटिस थेट खालून उचलावी लागे. मॅकिंटॉश यांच्या मते ब्लेडचा बाक नेमका किती आहे याला फारसे महत्त्व नव्हते, महत्त्व होते ते टोक एपिग्लॉटिसच्या अलीकडे थांबण्याला. ब्लेडच्या आकाराचा प्रश्न मला याच वाटेने पाहावासा वाटतो. आकार निवडताना विचारायचे ते एवढेच की, या माणसाच्या घशात त्या खाचेपर्यंत टोक नीट पोहोचेल का, आणि पोहोचल्यावर मला उचलायला पुरेशी जागा राहील का.

प्रौढांसाठी मॅकिंटॉशची दोनच ब्लेडे रोजच्या वापरात असतात. ३ क्रमांकाचे साधारण १३ सेंटिमीटर लांब असते, तर ४ क्रमांकाचे त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर जास्त. निरनिराळ्या उत्पादकांच्या ब्लेडांत लांबी, बाक आणि कडेच्या उभ्या पट्टीची उंची यांत फरक असतो, त्यामुळे एकीकडचे ३ आणि दुसरीकडचे ३ हातात अगदी सारखे लागत नाही. हा दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटेल. घशात तो किरकोळ नसतो.

मी शिकत असतानाचा एक प्रसंग सांगते. रुग्ण चांगलीच उंच, लांब मानेची, तिशीतली निरोगी स्त्री होती. ‘बाई आहे, ३ लावा’ या सवयीने मी ३ क्रमांकाचे ब्लेड उचलले. ते पूर्ण आत गेले, हँडलचा सांधा तिच्या खालच्या ओठावर दाबला जाऊ लागला, तरी टोक खाचेच्या अलीकडेच राहिले. एपिग्लॉटिस ओल्या पानासारखी समोर लोंबत होती आणि मी जितका जोर लावीन तितकी फक्त जीभ वर जात होती, झाकण जागचे हलत नव्हते. मी ४ क्रमांकाचे ब्लेड मागितले. सिस्टरनी ते खणातून काढून हँडलला लावले, तर त्याचा दिवा लागेना. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, १०० टक्क्यांवरून ९१ वर आले होते. माझ्या वरिष्ठांनी मला थांबवले, मास्क लावून तिला पुन्हा ऑक्सिजन दिला, शेजारच्या थिएटरमधून दुसरे ब्लेड आले, आणि त्याने पहिल्याच नजरेत झाकण वर उचलले जाऊन स्वरतंतू संपूर्ण दिसले. नळी सहज गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले तेव्हा तिचा खालचा ओठ सुजून निळा पडला होता. काय झाले ते मी तिला खरे सांगितले. तिच्या घशात अवघड असे काहीच नव्हते, ब्लेड तोकडे होते आणि दुसरे तपासून ठेवलेले नव्हते. तो ओठ मला आजही आठवतो.

उलट बाजूचीही चूक मी पाहिली आहे. एका लहान चणीच्या वृद्ध स्त्रीला नळी घालताना माझ्या हाताखालच्या रेसिडेंटने ४ क्रमांकाचे ब्लेड घेतले आणि ते सवयीने अर्ध्याहून जास्त आत सरकवले. त्याला समोर गुलाबी, कडा नसलेले, मिटल्यासारखे एक छिद्र दिसत होते आणि ओळखीची एकही खूण सापडत नव्हती. टोक स्वरयंत्राच्या मागून अन्ननलिकेच्या तोंडाशी गेले होते. मी त्याला उचललेला जोर तसाच ठेवून ब्लेड केसाकेसाने मागे घ्यायला सांगितले, आणि एका टप्प्यावर स्वरयंत्र वरून एकदम नजरेत उतरले. लांब ब्लेडची ही एक सोय असते, की ते मागे घेता येते. पण ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून त्या गुलाबी छिद्रातच नळी घालतो, आणि ती अन्ननलिकेत जाते. म्हणूनच नळी घातल्यावर कॅप्नोग्राफच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर त्या वायूची लाट दर श्वासाला उमटते की नाही, हे पाहिल्याशिवाय नळी जागेवर आहे असे कोणी मानू नये. लाट नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असेच धरून चालावे.

आता स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरकाविषयी. प्रौढ स्त्रीचे स्वरयंत्र पुरुषाच्या मानाने लहान असते, कंठाच्या कूर्चेच्या दोन पाख्यांमधला कोन जास्त उघडा असल्याने कंठमणी फारसा पुढे दिसत नाही, आणि पुढच्या दातांपासून स्वरतंतूंपर्यंतचे अंतरही सरासरीने कमी भरते. म्हणूनच नळीसुद्धा स्त्रीला बहुधा ७ किंवा ७.५ मिलिमीटर व्यासाची घातली जाते आणि दातांपाशी ती साधारण २१ सेंटिमीटरच्या खुणेवर बांधतात, तर पुरुषात ही खूण २३ च्या आसपास येते. या सगळ्यावरून बहुतेक स्त्रियांना ३ क्रमांकाचे ब्लेड पुरते हा अनुभव खराच आहे, आणि माझीही सुरुवात बहुतेक वेळा त्यानेच होते. परंतु सरासरी ही समूहाची असते, आणि टेबलावर एकच व्यक्ती झोपलेली असते. १७५ सेंटिमीटर उंचीची स्त्री आणि १६० सेंटिमीटर उंचीचा पुरुष एकाच दिवशी एकाच थिएटरमध्ये येतात, आणि चौकटीतला नियम पाळला तर दोघांनाही चुकीचे ब्लेड लागण्याची शक्यता असते.

या विषयावर भूलतज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत, तेही वाचकांपुढे यावेत. माझे काही अनुभवी सहकारी प्रत्येक प्रौढासाठी सरसकट ४ क्रमांकच उचलतात. त्यांचे म्हणणे असे की लांब ब्लेड हवे तितकेच आत घालता येते, तोकडे ब्लेड मात्र लांब करता येत नाही, शिवाय एपिग्लॉटिस लोंबती असेल तर लांब ब्लेडच्या टोकाने ती सरळ ब्लेडसारखी थेट उचलताही येते. या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरीकडे, फ्रान्समधील अतिदक्षता विभागांतील रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ क्रमांकाने पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचे प्रमाण ४ क्रमांकापेक्षा जास्त आढळले. अर्थात तिथे कोणते ब्लेड घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवले होते, आणि अवघड किंवा मोठ्या शरीराच्या रुग्णांसाठी ४ निवडले जाणे स्वाभाविक आहे. त्यामुळे दोष ब्लेडचा किती आणि रुग्णाच्या अवघडपणाचा किती, हे अशा नोंदींवरून पुरते वेगळे करता येत नाही. माझे स्वतःचे मत ३ ने सुरुवात करण्याकडे झुकते. लहान तोंडात ४ क्रमांकाचे ब्लेड अर्धवट घातले की हँडल दातांपासून दूर राहते, हाताला टोकाचा अंदाज कमी येतो, आणि जिथे पट्टीची उंचीही जास्त असते तिथे नळी सरकवायला उजवीकडे जागा उरत नाही. पण ज्याचा हात ४ वर बसलेला आहे आणि जो ते सावकाश, खुणा ओळखत आत नेतो, त्याने माझ्यासाठी आपली पद्धत बदलावी असा माझा आग्रह नाही.

मग निवड कशी करावी? भूल देण्याआधी रुग्णाला नीट पाहावे, हेच त्याचे उत्तर आहे. ब्लेड वेष्टनात असतानाच गालाजवळ धरून पुढच्या वरच्या दातांपासून जबड्याच्या कोनापर्यंत त्याची लांबी ताडता येते. टोक त्या कोनाच्या आसपास येत असेल तर ते बहुधा पुरेल, बरेच अलीकडे राहत असेल तर मोठे ब्लेड हाताशी घ्यावे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, तरी नुसत्या ‘स्त्री’ या शब्दापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे. मान मागे वाकवून हनुवटीपासून कंठमण्याच्या खाचेपर्यंतचे अंतर बोटांनी पाहावे. इथे एक गैरसमज होतो तो सांगायला हवा. हे अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरले, की काहीजण ‘मान आखूड, म्हणून लहान ब्लेड’ असा हिशेब करतात. अंतर कमी असण्याचा खरा अर्थ असा, की जीभ पुढे सारायला जबड्याच्या आत जागा अपुरी आहे, आणि स्वरयंत्र नजरेच्या रेषेच्या वर दडलेले असू शकते. ही अडचण ब्लेडची लांबी कमीजास्त करून सुटत नाही. अशा वेळी नळीला वाट दाखवणारी बूजी, कॅमेऱ्याने पडद्यावर घसा दाखवणारा व्हिडिओ लॅरिंजोस्कोप आणि मदतीला दुसरा अनुभवी माणूस आधीपासून तयार ठेवावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा दोष वारंवार ब्लेडच्या आकारावर टाकला जातो. रुग्ण उताणी झोपलेली असते, स्तन मोठे असतात किंवा गर्भारपणामुळे भरलेले असतात, आणि ब्लेड तोंडात घालताना हँडलचे खालचे टोक छातीवर अडते. ब्लेड वाकडे जाते, जीभ नीट बाजूला होत नाही, आणि डॉक्टरला वाटते की ब्लेड मोठे आहे. तो लहान ब्लेड मागतो आणि मग ते घशात तोकडे पडते. वास्तविक तिथे बदलायचे असते ते हँडल. यासाठी आखूड हँडल मिळते, आणि ते नसेल तर हँडल बाजूला वळवून ब्लेड आत घ्यावे व मग सरळ करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाठीखाली आणि डोक्याखाली उतार करून कानाचे छिद्र व छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत आणावी. तसे केले की छाती आपोआप खाली राहते, हँडलला वाट मिळते आणि फुप्फुसांनाही मोकळीक मिळते. निम्म्या वेळा या एका उताराने मला ब्लेड बदलण्याची गरज उरलेली नाही.

गर्भवती स्त्रीचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघात सोडून देण्यासारखा नाही. दिवस भरत आल्यावर श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो, ऑक्सिजनचा खप मात्र वाढतो. चांगला ऑक्सिजन देऊन ठेवलेल्या निरोगी, सडपातळ माणसाचा श्वास थांबवल्यावर सॅच्युरेशन घसरेपर्यंत काही मिनिटांची उसंत मिळते. या स्त्रीत ती जवळपास निम्मी होते. त्यातच घशातील अस्तर सुजलेले असते, म्हणून नळीही एखाद-दुसऱ्या आकाराने लहान तयार ठेवावी लागते. प्रसूतीसाठी दिलेल्या सर्वांगभुलीसंबंधीच्या अनेक दशकांच्या अहवालांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साधारण ३९० पैकी एका स्त्रीत नळी घालण्यात अपयश आल्याचे दिसले. स्वरयंत्र किती दिसते याच्या ज्या चार श्रेणी आज जगभर वापरल्या जातात, त्या कॉर्मॅक आणि लेहेन यांनी १९८४ मध्ये मांडल्या त्याही प्रसूतीच्या भुलेतील अवघड नळीविषयीच्या निबंधातच. इथे ‘आधी ३ लावून पाहू, नाही जमले तर ४ मागवू’ हा विचार परवडत नाही. दुसरे ब्लेड उघडून, लावून, दिवा पेटवून ट्रॉलीवर ठेवलेले असले पाहिजे, आणि पहिल्या प्रयत्नात टोक पोहोचत नाही हे कळताच काही सेकंदांत बदल व्हायला हवा. त्याच ब्लेडने, त्याच स्थितीत, तसाच दुसरा आणि तिसरा प्रयत्न करणे हे यातले सर्वांत धोक्याचे वागणे आहे. दोनपेक्षा जास्त प्रयत्न झाले की ऑक्सिजन घसरणे, रक्तस्राव, सूज आणि त्याहून गंभीर गुंतागुंत यांचे प्रमाण झपाट्याने वाढते.

व्हिडिओ लॅरिंजोस्कोपमुळे हा प्रश्न मिटला असे काहीजण म्हणतात. पडद्यावर स्वरतंतू दिसणे खूप सोपे झाले आहे यात शंका नाही, आणि ते प्रत्येक थिएटरमध्ये असावे असे मला मनापासून वाटते. पण त्याच्याही ब्लेडांना ३ आणि ४ हे आकार आहेतच, आणि तिथेही टोक जागेवर बसावेच लागते.

शेवटी नोंदीविषयी. भूलपत्रिकेवर पुष्कळदा ‘स्वरयंत्र श्रेणी ३, नळी अवघड’ एवढेच लिहिलेले आढळते. श्रेणी ३ म्हणजे फक्त एपिग्लॉटिस दिसली. ती कोणत्या ब्लेडने दिसली, ते बदलल्यावर काय दिसले, रुग्णाखाली उतार केला होता का, बूजी लागली का, हे लिहिलेले नसेल तर पुढच्या भूलतज्ज्ञाला त्या नोंदीचा उपयोग होत नाही. मी वर सांगितलेल्या उंच स्त्रीच्या कागदावर तेवढेच लिहिले गेले असते, तर ‘अवघड श्वासमार्ग’ हा शिक्का तिला जन्मभर चिकटला असता. आम्ही लिहिले की ३ क्रमांकाने श्रेणी ३, आणि ४ क्रमांकाने श्रेणी १, म्हणजे स्वरतंतू संपूर्ण दिसले. ती काही वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी तो कागद घेऊन आली, आणि त्या वेळी पहिले ब्लेडच ४ क्रमांकाचे उचलले गेले. वाचकांना माझी विनंती आहे, की आपली किंवा घरातल्या कुणाची शस्त्रक्रिया सर्वांगभुलेखाली झाली असेल तर भूलपत्रिकेची प्रत मागून घ्यावी, आणि पुढच्या वेळी ती भूलतज्ज्ञाला आधीच दाखवावी. पूर्वी नळी घालताना त्रास झाला होता, ओठ सुजला होता, दात दुखावला होता, असे काही आठवत असेल तर तेही सांगावे. आम्हाला ते ऐकायचे असते.

आपल्या पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या चौकटीतील वाक्य पुढीलप्रमाणे दुरुस्त करावे, ही विनंती: ‘बहुतेक प्रौढ स्त्रियांसाठी ३ क्रमांकाच्या ब्लेडने सुरुवात करतात, उंच किंवा लांब मानेच्या स्त्रीला ४ क्रमांक लागू शकतो, निवड रुग्णाचा जबडा आणि मान पाहून होते, आणि दोन्ही ब्लेडे दिवा तपासून भूल देण्याआधीच तयार ठेवलेली असतात.’

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ